राखी कोंबडी, आठ पिल्लं आणि मधली जाळी

*"आमचं घर गोराई गावात, मागे थोडं परस आहे. सहा जुन्या कोंबड्या आणि एक कोंबडा. मेच्या मध्यावर बोरिवलीहून एक दिवसाची दहा पिल्लं आणली, खोक्यात घालून नावेतून. दोन पहिल्याच आठवड्यात गेली. उरलेली आठ छान वाढली, पिसं आली, म्हणून साडेपाच आठवड्यांची झाल्यावर रविवारी सकाळी जुन्यांमध्ये सोडली. पाच मिनिटंही झाली नसतील, आमच्या राखी कोंबडीने एका पिल्लाला कोपऱ्यात गाठून त्याचं डोकं फोडलं. बाकीच्याही धावून आल्या. आता आठही पुन्हा खोक्यात आहेत. खोकं पुरत नाही, पाऊस सुरू झालाय, घरात वास मारतो. सासूबाई म्हणतात, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकव, ती सांभाळेल. नवरा म्हणतो, गटारीपर्यंत थांब, प्रश्न आपोआप सुटेल. मी काय करू?"*
*— गोराईची एक वाचक*

ताई, आधी त्या डोकं फुटलेल्या पिल्लाचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कापसाने जखम पुसून घ्या, कोरडी होऊ द्या आणि खोबरेल तेलात हळद कालवून जाडसर लेप लावा. हळद जखमेला बरी असतेच, पण तिच्या थराखाली रक्ताचा लाल रंगही झाकला जातो, आणि इथे ते जास्त महत्त्वाचं आहे. उघडं रक्त दिसलं की कोंबडीला चोच मारल्याशिवाय राहवत नाही. सख्खी भावंडंसुद्धा सोडत नाहीत. या दिवसांत माशा जखमेवर अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून बघत जा. जखम हाडापर्यंत गेली असेल किंवा पिल्लू मान टाकून बसत असेल, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका. गोराईहून परळचं बैलघोडा हॉस्पिटल म्हणजे नाव, बस, लोकल अशी अर्ध्या दिवसाची वारी. आधी बोरिवली किंवा भाईंदरच्या बाजूला पक्ष्यांचं बघणारा पशुवैद्य मिळतो का, ते फोनवर विचारा.

या पिल्लाला वेगळं ठेवा, पण दुसऱ्या खोलीत नेऊ नका. त्याच खोक्यात मध्ये जाळीचा तुकडा उभा करा, म्हणजे त्याला भावंडं दिसतील आणि भावंडांना ते. आठ दिवस नजरेआड गेलेलं पिल्लू परत आलं की बाकीची सात त्याला परकं समजतात आणि राखीने केलं तेच घरातच सुरू होतं.

आता राखी. तुमच्या पत्राच्या सुरावरून ती या घरातली खलनायिका झाली आहे. मला तसं वाटत नाही. कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचायचं याची एक उतरंड असते. सगळ्यात वरची सगळ्यांना टोचते, सगळ्यात खालची सगळ्यांच्या टोचा खाते. नॉर्वेचे थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवत होते, त्यांनी १९२१ साली हे शास्त्रीय भाषेत मांडलं. आपल्या आज्यांना ते माहीत होतंच, फक्त त्यांनी प्रबंध लिहिला नाही. एकदा उतरंड बसली की कळपात शांतता असते. दाणे टाकले की कोण आधी येणार, दांडीवर कोण कुठे बसणार, सगळं ठरलेलं. अशा बसलेल्या घडीत तुम्ही एका सकाळी आठ अनोळखी जीव सोडले. माझा अनुभव असा की अशा वेळी सगळ्यात वरची कोंबडी एवढं मनावर घेत नाही. धावून जाते ती मधली, जिला खाली घसरायची भीती असते. राखी मधली आहे का, हे उद्या दाणे टाकताना बघा. कोण मान वर करून बघते आणि कोण बाजूला सरकते, एवढंच बघायचं. पाच मिनिटांत अख्खी उतरंड कळते.

पिल्लं मात्र साडेपाच आठवड्यांची होती. अंगावर पिसं आली म्हणजे मोठी झाली असं आपल्याला वाटतं, पण राखीच्या शेजारी ती अजून मुठीएवढीच. पळायचं कसं आणि वाकून बाजूला कसं व्हायचं, हे त्यांना शिकवणारी आईही नाही. आणि सोडली सकाळी, म्हणजे अख्खा दिवस राखीच्या हाती.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, फक्त वेळ गेली. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. ती बसून दोन-अडीच आठवडे झाले असतील, तर रात्री अंधारात तिच्या पोटाखालची अंडी काढून एक-दोन दिवसांची पिल्लं हळूच सरकवायची. पहाटे तिला पिल्लांचा आवाज येतो आणि ती आपलीच समजून 'कुक् कुक्' करू लागते. हे होतं, मी अनेकदा केलं आहे. पण पिल्लं तीन-चार दिवसांपेक्षा मोठी झाली की ना त्यांना तिच्या पोटाखाली शिरायचं सुचतं, ना तिला ती आपली वाटतात. पाच आठवड्यांचं पिल्लू खुडूक कोंबडीकडे सरकवलंत, तर ती त्याला चोर समजेल आणि तुमच्याकडे दोन डोकी फुटलेली पिल्लं होतील.

नवऱ्याला सांगा, गटारीला ही पिल्लं धड तीन महिन्यांचीही नसतील. गावरान असतील तर पिसं उपटल्यावर ताटात हाडंच येतील. तरी त्यांच्या बोलण्यातही थोडं तथ्य आहे, त्यावर पुढे येते.

पहिल्या आठवड्यात गेलेल्या दोन पिल्लांबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबावंसं वाटतं, कारण पुढच्या खेपेला ते टाळता येईल. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मुंबईचा मे महिना म्हणजे आपल्याला भट्टी, पण रात्री पारा सत्तावीस-अठ्ठावीसवर येतो आणि एक दिवसाच्या पिल्लाला तेवढ्यात थंडी वाजते. बल्ब लावला असेल, तर कुठला? हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. दिवा लावलाय म्हणून आपण निवांत झोपतो आणि पिल्लं उजेडात बसून गारठतात. जुन्या पद्धतीचा तारेचा साठ वॉटचा बल्ब शोधून आणा, इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात अजून मिळतो. थर्मामीटरची गरज नाही. रात्री अकराला एकदा खोक्यात डोकवा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली असतील तर गार आहे. भिंतींना चिकटून चोची उघड्या टाकून बसली असतील तर गरम. खोकंभर विखरून, पाय पसरून झोपली असतील तर तुम्हीही झोपा.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं असेल, तर तेही पुढच्या वेळी नको. पाय घसरून फाकतात आणि मग तसेच राहतात. गोणपाटाचा तुकडा किंवा भाताचं तूस बरं. पाण्याच्या वाटीत चार खडे टाका, नाहीतर पिल्लं पीत पीत आतच पडतात.

आता असलेल्या आठांना बल्ब नको, त्यांची पिसं त्यांना पुरतात. त्यांना हवी कोरडी, वारा न झोंबणारी जागा, आणि ती तुमच्या घरात नाही, परसातच आहे. जुन्या खुराड्याच्या एका बाजूला जाळीची भिंत घालून त्यांचं वेगळं दालन करा. छप्पर एक, हवा एक, आवाज एक, मधे फक्त जाळी. तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर ही जाळी आहे.

जाळी घेताना षटकोनी भोकांची पातळ 'कोंबडी जाळी' घेऊ नका. नाव कोंबडीचं असलं तरी ती कोंबडी आत ठेवण्यापुरतीच, बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या, आणि बाहेरच्या बाजूने ती जमिनीत फूटभर खाली घाला. हे मी पैसे मोजून शिकले. एका पावसाळ्यात पातळ जाळीवर भरवसा ठेवला. सकाळी उठून बघते तर कोपऱ्यात माझी मूठ जाईल एवढं बीळ आणि सात पिल्लांतली चार गायब. घूस होती. आरडाओरडा नाही, रक्ताचा डाग नाही, उरलेली तीन फळीमागे एकमेकांत डोकं खुपसून बसलेली. तुमच्याकडे घुशीबरोबर मुंगूसही असणार, आणि दिवसा घार व कावळा. म्हणून वरूनही जाळी हवी.

पिल्लं या दालनात गेली की ती दहा आठवड्यांची होईपर्यंत काही करायचं नाही. हे 'काही न करणं' सगळ्यात अवघड आहे. पहिले दोन दिवस राखी जाळीवर चाल करून येईल. मानेची पिसं फुलवेल, एक पंख खाली सोडून तिरकी चालेल, जाळीला दोन चोची हाणेल. जाळी मागे हटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती जाळीपाशी येऊन मान तिरकी करून एका डोळ्याने पिल्लांकडे बघेल आणि मग पाठ फिरवून माती उकरू लागेल. ती पाठ फिरवते तो क्षण लक्षात ठेवा. ज्याची भीती नाही आणि ज्यात रस नाही, त्याच्याकडे कोंबडी पाठ करते. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्याची भांडी समोरासमोर लावा, म्हणजे दोन्ही पंगती एकाच वेळी आणि समोरासमोर जेवतील.

खाद्यावरून आठवलं. जुन्या कोंबड्यांना तुम्ही अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य देत असाल, तर ते पिल्लांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना लागतं साधारण एक टक्का. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर येतं. पुढे कळप एकत्र झाला की कोण कुठल्या भांड्यात तोंड घालतंय हे तुम्ही दिवसभर बघत बसणार नाही, म्हणून तेव्हा सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि कॅल्शियम वेगळ्या वाटीत. गोराईत त्यासाठी दुकानात जायची गरजच काय? तिसऱ्या आणि कालवांची शिंपं भाजून, कुटून ठेवा. जिला अंडं घालायचं आहे ती बरोबर जाऊन खाते. सुकटीचा चुरा अनेकजण हौसेने घालतात, प्रथिनं म्हणून तो चांगलाच. पण खारवलेली सुकी मासळी नको, पिल्लांना मिठाचा अतिरेक झेपत नाही, पटापट जातात.

लसींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस पिल्लं पाच-सात दिवसांची असताना डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांच्या आसपास, लासोटाचा पुन्हा डोस चौथ्या आठवड्यात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचंच आर-टू-बी इंजेक्शन. काही दिलं नसेल, तर आता कुठून सुरुवात करायची हे पशुवैद्याला विचारा. अडचण अशी की लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी ती फोडणं जिवावर येतं. गावात आणखी पाच-सहा घरांत कोंबड्या असतीलच. सगळ्यांनी एक दिवस ठरवा, एकाने बर्फ घातलेल्या थर्मासातून लस नावेने आणा. थर्मासाशिवाय आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. लसीनंतर चार-पाच दिवस पिल्लं जरा मलूल असतात, त्या दिवसांत एकत्र करायचा घाट घालू नका.

पावसाळ्यात या रोगांपेक्षा रोजची भीती रक्ती हगवणीची. ओल्या तुसात ती बळावते. सकाळी खुराड्यात खाली वाका, नाक पिल्लांच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर तूस बदलायची वेळ टळून गेली आहे. तुम्ही लिहिलेला घरातला वास हाच. ओला भाग रोज काढा, खाली थोडा चुना भुरभुरवा, वर कोरडं तूस. शी लालसर दिसली, पिल्लं पिसं फुगवून पेंगत बसली, तर त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं. पाण्यातून द्यायचं असतं, मात्रा पशुवैद्याकडून घ्या.

पिल्लं दहा आठवड्यांची झाली की मग सोडायचं. तोवर ती जुन्यांच्या निम्म्याहून मोठी आणि चपळ झालेली असतात. पुष्कळजण सांगतील, रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा, सकाळी त्यांना कळतच नाही. मला हा सल्ला अर्धाच पटतो. रात्र सुरळीत जाते, पण उजाडतं तेव्हा खुराडं बंद असतं, तुम्ही झोपेत असता आणि पिल्लांना पळायला जागा नसते. मी संध्याकाळ निवडते. अंधार पडायच्या तासभर आधी, पाऊस नसताना, जाळीचं दार उघडायचं आणि परसभर शेवग्याचा किंवा मुळ्याचा पाला विखरून टाकायचा. एका ढिगात नाही, दहा ठिकाणी. सगळ्यांचं लक्ष पाल्यावर. टोचाटोची होते, पण तासाभरात अंधार होतो आणि सगळे आपापल्या बाजूला झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी दोन तास, मग चार. आठवडाभरात दार दिवसभर उघडं.

आठही एकदम सोडा. एक-एक सोडलात तर प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण राखी येईल. खाद्य-पाण्याची भांडी दोनाची चार करा. परसात भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, उलटा क्रेट, जुनं डालगं असू द्या, पिल्लाला आड व्हायला काहीतरी हवं. आणि पिल्लांच्या दालनाच्या दारात अशी फट ठेवा की पिल्लू आत पळेल, पण कोंबडी अडकेल. किती इंच, ते मला विचारू नका. राखीलाच धरून तिची छाती फटीला लावून बघा.

पहिल्या दिवशी टोचणं होणार, पिसं उडणार, एखादं पिल्लू किंचाळत पळणार. मधे पडू नका. एक टोच मारून कोंबडी थांबली आणि पिल्लू बाजूला झालं, तर ती भाषा आहे, भांडण नाही. तुम्ही दर वेळी धावून गेलात, तर उतरंड बसणारच नाही आणि रोज पहिल्यापासून सुरू होईल. रक्त दिसलं, किंवा एकच कोंबडी एकाच पिल्लाच्या मागे लागून त्याला खाऊ-पिऊ देत नसेल, तेव्हाच हात घाला. आणि हात घालायचा तो पिल्लावर नाही, राखीवर. तिला तीन-चार दिवस परसाच्या पलीकडे डालग्याखाली डाला, कळप दिसणार नाही अशा ठिकाणी. तेवढ्यात पिल्लं घरची होतात आणि राखी परत येते ती पाहुणी म्हणून. तिचा जोर निम्म्यावर आलेला असतो.

आता नवऱ्याचं म्हणणं. न निवडलेल्या आठ पिल्लांत निम्मे नर निघतील असं धरून चाला. आठव्या आठवड्यापर्यंत ज्याचा तुरा लाल आणि जाड होऊ लागतो, पाय थोराड दिसतात, तो बहुधा कोंबडा. सहा जुन्या आणि चार नव्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, मिळून दहा होतील, त्यांना तुमचा आहे तो एक कोंबडा पुरतो. चार-पाच कोंबडे एका परसात ठेवलेत, तर माद्यांच्या पाठी सोलून निघतील आणि पहाटे चारला शेजारी दार ठोठावतील. त्यांचं काय करायचं हे तुमच्या घराने ठरवावं, पण घाई नको, पाच महिने तरी होऊ द्या. गटारी यंदाची चुकली तरी पुढच्या वर्षी परत येते, हे नवऱ्याला सांगा.

आणि सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका. पावसाळा सरल्यावर राखी खुडूक बसली, तर तिला हलवू नका. नऊ-दहा अंडी घालून बसू द्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. अठरा-एकोणीस दिवस झाले की बोरिवलीहून सहा-सात पिल्लं आणा, एक दिवसाचीच. रात्री बॅटरीवर लाल कापड बांधून सासूबाईंनाच खुराड्यात पाठवा. पिल्लू मुठीत धरून तिच्या पोटाखाली कसं सरकवायचं, हे त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.